चार पावलं बरोबरीनं

मी नाच शिकले असं कुणाला सांगितलं, की पहिला प्रश्न येतो, "कथ्थक की भरतनाट्यम?" मी म्हणते, "टँगो." मग समोरचं माणूस माझ्याकडं एकदा नीट बघून घेतं. पिकलेले केस, चष्मा, डाव्या गुडघ्याला पट्टा. आणि हळूच विचारतं, "म्हणजे तो... दातांत गुलाब धरून करतात तो?"

यात त्यांची काही चूक नाही. आपल्यापर्यंत टँगो आला तो सिनेमातून. १९९२ सालच्या 'सेंट ऑफ अ वुमन' या चित्रपटात दृष्टी गेलेला अल पचिनो हॉटेलात एका अनोळखी मुलीबरोबर टँगो करतो, तो प्रसंग अनेकांनी पाहिलेला असतो. नाहीतर टीव्हीवरच्या स्पर्धांमध्ये झगमगीत कपड्यांतली तरुण जोडपी झटक्यात माना वळवतात, पाय हवेत उडवतात, ते पाहिलेलं असतं. हा झाला रंगमंचावरचा टँगो. तो प्रेक्षकांसाठी बसवलेला असतो. मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे तो टँगो दोन माणसांनी एकमेकांसाठी करायचा असतो. त्याला बघणारं कुणी लागत नाही. आपल्याकडं मंगळागौरीला फुगडी घालणाऱ्या दोघी कुठं कुणी बघतंय म्हणून फुगडी घालतात? तसंच हे.

२०११ साली माझ्या यजमानांची त्यांच्या कंपनीतर्फे तीन वर्षांसाठी ब्यूनस आयर्सला बदली झाली. मुलगी शिकून नोकरीला लागलेली होती. मी बँकेतली सत्तावीस वर्षांची नोकरी सोडली आणि बरोबर गेले. वय बावन्न. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही, दिवसभर घरात एकटी. तिथं डिसेंबरात ऐन उन्हाळा असतो. अशाच एका संध्याकाळी बेलग्रानो भागातल्या टेकडीवजा बागेत आम्ही फिरायला गेलो होतो. बागेत एक गोल, छत असलेला, चारी बाजूंनी उघडा चौथरा आहे. बँडस्टँडच म्हणा ना. त्याला 'ग्लोरिएता' म्हणतात. तिथं जुनी गाणी लागली होती आणि पंचवीस-तीस जोडपी नाचत होती.

त्यात एक आजोबा होते, ऐंशीच्या आसपासचे. पँटला कडक इस्त्री. त्यांच्या मिठीत त्यांच्याच वयाच्या आजी, डोळे मिटलेले. ते दोघं काय करत होते म्हणाल, तर चालत होते. आजोबा पुढं पाऊल टाकत, आजी उलटं, मागं टाकत. मध्येच थांबत. गाण्याची एखादी ओळ तशीच जाऊ देत आणि पुन्हा निघत. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. दहा मिनिटं मी जागची हलले नाही.

माझ्या मनात काय आलं ते सांगते. आमच्या लग्नाला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. लक्ष्मी रोड असो, महाबळेश्वर असो, नाहीतर मुलीच्या शाळेचं संमेलन असो, हे चार पावलं पुढं आणि मी मागं. भांडण नव्हतं काही, सवयच तशी. मागं वळून बघायचे ते "अगं, चल ना" म्हणायला. त्या दिवशीही चौथऱ्यापाशी मी थांबले आणि हे बागेच्या फाटकापर्यंत पोचले होते.

पुढच्याच आठवड्यात मी एका शिकवणीत नाव घातलं.

शिकायला लागण्याआधी थोडं या नाचाबद्दल सांगायला हवं, कारण तो असा का आहे ते त्याच्या जन्मात आहे. तिकडं त्याला 'तांगो' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला रिओ दे ला प्लाता या नदीच्या दोन्ही काठांवर तो वाढला. एका काठावर अर्जेंटिनातलं ब्यूनस आयर्स, दुसऱ्या काठावर उरुग्वेमधलं मोन्तेविदेओ. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांचे ढोलांचे ताल, क्यूबाकडून आलेली हाबानेराची लय, गवताळ मैदानांतल्या गुराख्यांची गाणी, युरोपातून आलेली वाद्यं आणि जोडीनं नाचायची पद्धत असं सगळं त्यात मिसळलं. त्या काळात बोटी भरभरून माणसं येत होती, मुख्यतः इटली आणि स्पेनमधून. १९१४ च्या जनगणनेत ब्यूनस आयर्समधले जवळजवळ निम्मे लोक परदेशात जन्मलेले होते. त्यात पुरुष जास्त, बायका कमी. एकमेकांची भाषा धड न येणारी, घरापासून हजारो मैल लांब असलेली ही माणसं संध्याकाळी एकत्र येत. न बोलता एकमेकांना समजून घ्यायची गरज जिथं होती, तिथं हा नाच घडला. २००९ साली युनेस्कोनं मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत टँगोचा समावेश केला, तो अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोन्ही देशांच्या नावानं.

आता माझा पहिला दिवस. मी साडी नेसून गेले होते. आमच्या शिक्षिका सत्तरीच्या बाई होत्या. त्यांनी माझ्या निऱ्यांकडं पाहिलं आणि एक पाऊल जोरात मागं टाकून दाखवलं. मला कळलं. दुसऱ्या दिवसापासून पंजाबी ड्रेस, ओढणी घरी.

मला वाटलं होतं, पहिल्या तासाला 'स्टेप' शिकवतील. बाईंनी आम्हाला उभं राहायला शिकवलं. गंमत वाटेल, पण आपण सहसा नीट उभे राहतच नाही. दोन्ही पायांवर थोडं थोडं वजन टाकून, बसची वाट बघत असल्यासारखे उभे असतो. टँगोत सगळं वजन एका वेळी एकाच पायावर हवं. म्हणजे दुसरा पाय मोकळा राहतो आणि कुठंही जाऊ शकतो. डाव्यावर पूर्ण वजन, मग उजव्यावर पूर्ण वजन. पाऊल न उचलता नुसतं हे वजन बदलायचं, तेही गाण्याच्या ठेक्यावर. पहिला अख्खा तास एवढंच.

नंतर चालणं. पुढं चालणं, मागं चालणं, बाजूला एक पाऊल. उलटं चालताना पाय गुडघ्यातून नाही, तर थेट कमरेपासून मागं न्यायचा, आधी बोटं टेकवायची आणि मग हळूहळू टाच. पहिला महिनाभर आम्ही फक्त चाललो. शिकवणीत एक तरुण मुलगा होता, तो वैतागला. "चालता मला येतं," म्हणाला. बाई म्हणाल्या, "एकट्याला येतं."

खरी गोष्ट इथं सुरू होते. जोडीत एक जण पुढाकार घेतो, दुसरा साथ करतो. पूर्वी पुढाकार पुरुषाचा आणि साथ बाईची असा रिवाज होता. आता बायका पुढाकार घेतात, पुरुष साथ करतात, बरेच जण दोन्ही शिकतात. मीही दोन्ही शिकले, आणि शिकणाऱ्या प्रत्येकानं शिकावं असं मला वाटतं. कारण समोरच्याला काय कळतं आणि काय कळत नाही, हे त्याच्या जागी उभं राहिल्याशिवाय समजत नाही.

पुढाकार म्हणजे हातानं ढकलणं किंवा ओढणं नव्हे. बातमी छातीकडून येते. पुढाकार घेणारा आधी आपलं वजन किंचित पुढं आणतो, ते साथ करणाऱ्याला जाणवतं, तो पाय मागं नेतो, जागा करून देतो, आणि मग पहिल्याचं पाऊल त्या जागेत पडतं. म्हणजे ज्याच्याकडं पुढाकार आहे त्यालाच थांबावं लागतं. आपण विचारायचं, उत्तर आलं की निघायचं. साथ करणाऱ्यानंही पुढचं पाऊल ओळखून आधीच टाकून मोकळं व्हायचं नाही. मला ही खोड फार होती. बँकेत गिऱ्हाईक खिडकीशी यायच्या आत त्याला काय हवं ते ओळखायची सवय! बाई माझ्या पाठीवर हात ठेवून एकच शब्द म्हणायच्या, "एस्पेरा." थांब.

तबल्याची साथ करणारा वादक गायकाच्या आज्ञेत नसतो, पण त्याचं कानभर ऐकत असतो. गायकानं जागा सोडली की तो ती भरतो. टँगोतली साथ अशी असते. ती निमूटपणे मागं चालणं नव्हे.

हे सगळं ठरवून बसवलेलं नसतं, हे मुद्दाम सांगते. पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत सगळं तिथल्या तिथं सुचलेलं असतं. चालणं, थांबणं, वजन बदलणं, बाजूला जाणं हे झालं की हळूहळू बाकीचं येतं: एक पाय दुसऱ्यापुढून आडवा घेऊन घातलेली अढी, जमिनीवर इंग्रजी आठाचा आकडा काढावा तसं वळत जाणं, ज्याला 'ओचो' म्हणजे आठच म्हणतात, आणि जोडीदाराभोवती फिरणं. काही ठिकाणी सुरुवातीलाच आठ पावलांचा एक ठरीव साचा शिकवतात. लक्षात ठेवायला तो सोपा. पण त्याचं पहिलं पाऊल पुढाकार घेणाऱ्याला मागं नेतं आणि गर्दीत मागच्या जोडप्याच्या पायावर पडतं. आमच्या बाई तो शिकवत नसत.

आता स्पर्शाचं. हे टाळून टँगोबद्दल बोलणं खोटं होईल. परक्या पुरुषाच्या खांद्यावर हात ठेवायचा, त्याचा हात आपल्या पाठीवर. माझ्या संस्कारात हे बसणारं नव्हतं. पहिल्या दिवशी माझे खांदे कानांना टेकले होते. बाईंनी ते पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये मला समजलं ते असं: "मिठी किती जवळची, हे तू ठरवायचंस. पुढाकार त्याचा असला तरी अंतर तुझं." मिठीला तिथं 'आब्रासो' म्हणतात. ती दोन प्रकारची असते. उघडी, ज्यात मध्ये हातभर जागा असते. आणि जवळची, ज्यात छातीला छाती टेकते. नवशिक्यांनी उघडीपासूनच सुरुवात करावी. मी सहा महिने उघडीतच नाचले आणि कुणी मला त्याबद्दल एक शब्द बोललं नाही. पुढं जवळची मिठी आली ती आपसूक. फुगडीत दोघी मागं झुकतात आणि एकमेकींचा तोल धरतात. इथं दोघं अंगठाभर पुढं झुकतात. ज्याचा त्याचा तोल ज्याच्या त्याच्याजवळ राहायला हवा. जोडीदाराच्या अंगावर लोंबायचं नाही. हे एकदा जमलं, की त्या स्पर्शात संकोच उरत नाही. नर्सनं नाडी धरावी तसं ते असतं. कान देणं असतं.

नाच शिकायचा तर संगीत ऐकायला हवं. टँगोचा आत्मा म्हणजे बांदोनेऑन हे वाद्य. १८४० च्या दशकात जर्मनीतल्या हाइनरिश बांड यांच्यामुळं ते प्रसिद्ध झालं, त्यांच्या नावावरूनच त्याला हे नाव पडलं, आणि पुढं ते जहाजातून ब्यूनस आयर्सला आलं. आपली पेटी आणि हे वाद्य एकाच घराण्यातले. दोन्हींत भात्यानं हवा भरायची आणि धातूच्या पट्ट्या थरथरून सूर निघायचा. पेटीला पांढऱ्या-काळ्या पट्ट्या, याला दोन्ही बाजूंना बटणं. आणि खोड अशी, की भाता उघडताना एका बटणातून जो सूर येतो, तो मिटताना येत नाही, दुसराच येतो.

टँगोचा सुवर्णकाळ साधारण १९३५ ते १९५५ हा धरतात. आजही नाचायला जी गाणी लावतात, त्यातली बहुतेक त्या काळातली आहेत. ७८ च्या तबकडीच्या एका बाजूवर मावणारी, म्हणजे तीनेक मिनिटांची, आपल्या जुन्या भावगीतांसारखी. नव्या माणसानं दोन वाद्यवृंदांपासून सुरुवात करावी. कार्लोस दी सार्ली यांचा संथ, ऐटदार, पियानोच्या नाजूक जागांचा. यावर चालायला शिकावं. आणि हुआन दारिएन्सो यांचा ठसठशीत ठेक्याचा. यावर पाय आपोआप उचलतो. आनिबाल त्रोइलो आणि ओस्वाल्दो पुग्लिएसे यांच्याकडं नंतर जावं. तिथं लय ताणली जाते, जणू बोलता बोलता कुणाचा तरी गळा भरून यावा. बहुतेक टँगोत आठ ठोक्यांची एक ओळ असते. ज्यानं केरवा ऐकलाय त्याला ती मोजावी लागत नाही. टँगोबरोबरच तीनच्या तालातला 'वाल्स' आणि चटपटीत 'मिलोंगा' असे आणखी दोन प्रकार नाचतात.

'मिलोंगा' या शब्दाचा दुसरा अर्थ म्हणजे जिथं जमून टँगो करतात ती संध्याकाळ. तिथले नियम मला नाचाइतकेच मोलाचे वाटतात. गाणी एकसलग लागत नाहीत. एकाच वाद्यवृंदाची तीन-चार गाणी मिळून एक 'तांदा' होतो. एका तांदाला एकच जोडीदार. तांदा संपला की अर्धा-एक मिनिट भलतंच काहीतरी संगीत वाजतं, त्याला 'कोर्तिना' म्हणजे पडदा म्हणतात. त्या वेळी सगळ्यांनी जागेवर जाऊन बसायचं. म्हणजे कुणी कुणाला चिकटून राहत नाही आणि कुणाला निरोप घ्यायचं अवघड होत नाही. सगळी जोडपी घड्याळाच्या उलट दिशेनं गोल फिरतात. पुढच्याला ओलांडायचं नाही, मागच्याला अडवायचं नाही, पाय उंच उडवायचे नाहीत, आणि नाचता नाचता जोडीदाराला शिकवायचं तर मुळीच नाही.

आणि नाचायला बोलवायचं ते नजरेनं. दूर बसलेल्या माणसाकडं बघायचं. त्यानंही बघितलं तर किंचित मान हलवायची. त्यानंही हलवली तर ठरलं. याला 'काबेसेओ' म्हणतात. नको असेल तर नजर दुसरीकडं वळवायची, बस्स. कुणी समोर येऊन हात पुढं करत नाही, त्यामुळं कुणाला तोंडावर नकार द्यावा लागत नाही आणि नकार मिळालेल्याची चारचौघांत शोभाही होत नाही. तरी मी सांगते, पहिल्या मिलोंगाला मी दोन तास नुसती बसून होते. लाजेनं टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडं बघत राहिले. ग्लासाला कोण मान हलवणार?

तिसऱ्या-चौथ्या वेळी एका गृहस्थांनी बोलावलं. त्यांनी पहिल्या गाण्यापासून मला ओढायला आणि चुका काढायला सुरुवात केली. उजवा हात असा आवळला होता, की दुसऱ्या दिवशीही बोटं दुखत होती. मी चारही गाणी पूर्ण केली. हसत केली, हे त्याहून वाईट. बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पहिल्याच गाण्यानंतर 'ग्रासियास' का नाही म्हणालीस?" मी म्हटलं, "आभार तर शेवटी मानायचे ना?" त्या म्हणाल्या, "आभार मानले की शेवटच होतो."

मला हे माहीतच नव्हतं. दोन गाण्यांच्या मध्ये 'ग्रासियास' म्हणजे धन्यवाद म्हटलं, की नाच तिथं संपला. कारण द्यायचं नाही, कारण विचारायचं नाही. दोन आठवड्यांनी तसाच प्रसंग आला आणि मी पहिल्या गाण्यानंतर हा शब्द म्हटला. पाय कापत होते. काहीही झालं नाही. त्यांनी मला जागेवर सोडलं आणि गेले. सत्तावीस वर्षं बँकेत मी कर्जाचे अर्ज नाकारले, पण स्वतःसाठी 'नको' म्हणायला त्रेपन्नाव्या वर्षी शिकले.

आमचे हे चार महिन्यांनी आले, तेही संध्याकाळी घरी एकट्याला कंटाळा येतो म्हणून. स्वभाव इंजिनिअरचा. त्यांनी आलेख-कागदावर पावलांचे ठसे काढले, बाण दाखवले, क्रमांक घातले. बाईंनी तो कागद बघितला, छान आहे म्हणाल्या आणि घडी करून त्यांच्याच खिशात ठेवला. आम्ही दोघं एकत्र नाचायला लागलो की पाचव्या मिनिटाला भांडण ठरलेलं. "अगं, मी वळतोय!" "अहो, मला कसं कळणार?" शेवटी बाईंनी आम्हाला वेगळं केलं. सगळ्यांनी सगळ्यांबरोबर नाचायचं, दर दोन-तीन गाण्यांनी जोडीदार बदलायचा. नवरा-बायकोंनी एकत्र शिकायला जावं, पण एकमेकांना शिकवू नये, हा माझा अनुभवाचा सल्ला आहे. दोनेक महिन्यांनी एकदा दी सार्लीचं गाणं लागलं होतं आणि आम्ही दोघं उभे होतो. हे निघालेच नाहीत. मी विचारणार, एवढ्यात जाणवलं, की माझं वजन कुठल्या पायावर आहे ते बघतायत. मग आम्ही निघालो. लग्नानंतर पहिल्यांदा हे माझ्यासाठी थांबले होते.

इथं शिकायचं असेल तर काय करावं, असं लोक विचारतात. मुंबई, पुणे, बंगळूरु, दिल्ली अशा शहरांत टँगो शिकवणारे आणि करणारे लहान लहान गट आहेत. चौकशी करताना 'अर्जेंटाइन टँगो' असं विचारावं, कारण स्पर्धेतला बॉलरूम टँगो हा वेगळा प्रकार आहे. जोडीदार हवाच असं नाही. एकट्यानं गेलेलं उलट बरं. बूट रबरी तळव्याचे नकोत. ते जमिनीला चिकटतात आणि वळताना गुडघा पिळतो. साधा चामडी तळ चांगला. उंच टाचा लागत नाहीत. शिक्षक निवडताना एवढंच बघा, की ते चालायला शिकवतात का, जोडीदार बदलायला लावतात का, आणि कुणी 'नको' म्हटलं तर ते मानतात का. व्हिडिओ बघून संगीत कळेल, नाच येणार नाही. आठवड्यातून दोनदा गेलात तर चार-सहा महिन्यांत मिलोंगात कुणाला न धडकता एक फेरी मारता येईल. तेवढी पुष्कळ झाली. मिलोंगाच्या शेवटी बहुधा 'ला कुम्पारसिता' वाजतं, उरुग्वेच्या हेरार्दो मातोस रोद्रिगेस यांचं. ते लागलं की घरी जायची वेळ झाली असं समजायचं.

शेवटी एक घरगुती गोष्ट. आम्ही २०१४ ला परत आलो. २०१८ साली यांना पार्किन्सनचं निदान झालं. या आजारात चालता चालता पाय एकाएकी जमिनीला खिळतात. विशेषतः दारातून जाताना, वळताना. माणूस घाईनं ओढायला गेलं की तोल जातो. फिजिओथेरपिस्टनं आम्हाला सांगितलं, "ओढू नका. थांबा. वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्या, मग मोठं पाऊल टाका." आम्ही एकमेकांकडं बघितलं. हा तर बाईंचा पहिला तास! नंतर वाचनात आलं, की अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ च्या सुमारास पार्किन्सनच्या रुग्णांना टँगो शिकवून पाहिला आणि त्यांच्या तोलात सुधारणा नोंदवली. निघणं, थांबणं, वळणं, मागं चालणं, म्हणजे या आजारात जे जे अवघड होतं, ते सगळं या नाचात आहे. टँगोनं आजार बरा होत नाही. यांची औषधं चालू आहेत, आणि कुणालाही सुरुवात करायची तर डॉक्टरांना विचारूनच करावी.

पण रोज संध्याकाळी आम्ही बैठकीतला टीपॉय बाजूला सरकवतो, दी सार्ली लावतो आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन येतो. पुढाकार कधी यांचा, कधी माझा. उंबऱ्यापाशी पाय अडला की दोघं थांबतो.

परवा बागेत फिरताना असेच हे मध्येच थांबले. मी हात धरून उभी राहिले, घाई केली नाही. समोरून येणाऱ्या एका मुलीनं काळजीनं विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?"

हे म्हणाले, "नाही गं बाळा. गाणं सुरू व्हायची वाट बघतोय."

मग वजन डाव्या पायावर, मग उजव्या पायावर, आणि आम्ही निघालो.